पोचपावतीचा रकाना

"सोमवारी असा अहवाल टेबलावर ठेवते साहेब, की त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा सापडायची नाही!"

हे वाक्य तिने शुक्रवारी संध्याकाळी, अख्ख्या ऑफिससमोर उच्चारलं. अशी वाक्यं ऐकायला नशीब नेहमी दाराआड कान लावून उभं असतं, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पण स्वतःच्या तोलण्यावर तिचा भारी विश्वास!

तिला घरीदारी तराजू म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी पेन्सिल घ्यायला नेलं, की ही दुकानातली एकूण एक पेन्सिल घासून, वास घेऊन, उजेडात धरून बघायची आणि शेवटी पहिलीच उचलायची. मोठेपणी दातांचा डॉक्टर निवडायला तिने इतका वेळ लावला, की दुखणारा दात कंटाळून आपणहून पडला!

तिची कंपनी पार्सलं पोहोचवायची. 'तुमचं पार्सल पोहोचलं' असा निरोप गिऱ्हाइकाला पाठवणारी यंत्रणा जुनी झाली होती. ठिगळावर ठिगळ लावून तिची गोधडी झालेली. कधीकधी पार्सल निघायच्या आधीच पोहोचल्याचा निरोप जायचा. ती यंत्रणा नव्याने लिहायची होती, आणि साहेबांनी कुठूनतरी ऐकलं होतं, की हल्ली छोट्या फंक्शनल भाषा निघाल्यात. फुकट मिळतात, आणि कुणीही उघडून आत काय आहे ते बघावं, हवं तर सुधारावं. साहेबांना 'फंक्शनल' हा शब्द इतका आवडला, की आठवडाभर ते कँटीनच्या चहालाही फंक्शनल म्हणत होते.

नेहमीच्या भाषेत आपण कॉम्प्युटरला हुकूम सोडतो. हे उचल, ते पूस, तिथे ठेव. फंक्शनल भाषेत एकदा ठेवलेली वस्तू कुणी बदलायचीच नाही. बदल हवा, तर मूळची तशीच राहू द्यायची आणि शेजारी नवी करायची. कुणाच्या वस्तूला कुणाचा हात नाही, म्हणून भांडणं कमी, अशी त्यामागची कल्पना. एकत्र कुटुंबांनी ही भाषा आधीच शिकायला हवी होती.

तराजूने तीन भाषा निवडल्या. पहिली मुंगी. इवलीशी, पण महाशिस्तीची. प्रत्येक गोष्ट कोणत्या जातकुळीची आहे ते आधी सांगा, नाहीतर पाऊल पुढे टाकणार नाही! एक रकाना रिकामा सोडलात तर रिकामा का, याचा जबाब द्या. दुसरी डबी. हिच्यात सगळं कंसात. डबीत डबी, डबीत डबी, आणि शेवटी झाकणं लावता लावता बोटं दुखून यायची. तिसरी निवांत. नावाप्रमाणेच. हिला कितीही काम सांगा, ती नुसतं 'बरं' म्हणून ठेवून द्यायची. कुणी उत्तर बघायला आलं, की मगच उठायची. न बघितलेलं काम म्हणजे न केलेलं काम. निवांतचे जगभर मोजके चाहते होते आणि ते मुंगीच्या मोजक्या चाहत्यांशी रोज भांडायचे. डबीवाले भांडत नसत. ते कंस मोजत असायचे.

आता तुलना करायची तर तिघींना एकच काम द्यायला हवं. ऑफिसची माहिती घरी नेता येत नव्हती. म्हणून तिने घरातलंच एक काम काढलं. बाबांचं 'पोहोचलो'.

हे 'पोहोचलो' प्रकरण सांगितलंच पाहिजे. बाबांची मोठी बहीण, म्हणजे तराजूची आत्या, उभा जन्म तार ऑफिसात नोकरीला होती. धाकटा भाऊ पहिल्यांदा घर सोडून निघाला तेव्हा तिने दटावलं होतं, "पोहोचलास की तार कर. नाहीतर मी मागोमाग येईन!" तेव्हापासून बाबा कुठेही गेले, की आधी 'सुखरूप पोहोचलो' आणि मग पाणी. तारा गेल्या, फोन आले, पण नेम चुकला नाही. हळूहळू त्या निरोपाला सगळा गोतावळा जोडला गेला. शेवटी तराजूनेच त्यांना एक प्रोग्राम करून दिला. बाबांनी एक बटण दाबायचं. प्रोग्राम नातेवाइकांना वयाप्रमाणे लावायचा आणि ज्याला जसा शोभेल तसा मजकूर पाठवायचा. वडीलधाऱ्यांना 'नमस्कार. सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी.' बरोबरीच्यांना 'सुखरूप पोहोचलो. जागा ऐसपैस आहे. तुम्हीही या.' आणि पोराटोरांना 'पोहोचलो रे बाळा. शहाण्यासारखं वाग. दूध संपव.' मजकूर बाबांनी स्वतः सांगितलेला, तिने नुसता टाइप केलेला.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

हेच काम का निवडलंस, असं कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, की लहान आहे, पाठ आहे, सोयीचं आहे. कुणी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तिने तिन्ही भाषांत काम लिहून काढलं. मजकूर तिघींनी आपापला तयार करायचा. पाठवायचं काम मात्र एकट्या निवांतकडे, कारण बाबांच्या नंबराशी जोडायची तयार सोय फक्त तिच्याकडे होती. आणि निवांत काय, कुणी बघितल्याशिवाय पाठवणारच नाही! मग खोटा नंबर कशाला? "खोट्या वजनाने तोलायची मला सवय नाही," तराजू स्वतःशीच म्हणाली.

मुंगीने लगेच अडवलं. 'ठिकाण' हा रकाना रिकामा का? तराजूने बराच वेळ हुज्जत घातली आणि शेवटी वैतागून तिथे टाइप केलं, 'सांगता येत नाही'. मुंगीचं समाधान झालं. डबीत नवी वस्तू नेहमी पुढून घालायची, त्यामुळे यादी उलटी तयार होते. शेवटी एक ओळ लिहून ती सुलट करायची असते. ती ओळ लिहायची राहिली. नावं आजीकडून नातीकडे चालली होती आणि मजकूर नातीकडून आजीकडे! तराजूच्या हे लक्षात आलं नाही. तिने वेळ मोजला, ओळी मोजल्या, निरोपांची संख्या ताडून पाहिली. मजकूर तेवढा वाचला नाही. तो बाबांच्या आवाजात होता.

अकरा वाजता साहेबांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय मॅडम, झाली का तुलना?"

"झाली म्हणजे काय साहेब, बघाच!" तिने तक्ता दाखवला. तोही निवांतमध्येच केलेला. डावीकडे भाषा, मग वेळ, मग ओळी.

"वा, वा. आणि उजवीकडे काय आहे? अर्धंच दिसतंय."

"तिकडे काही विशेष नाही साहेब. नुसती पोचपावती आणि उत्तर."

"सरकवा की! पोचपावतीवर तर आपली कंपनी चालते!"

आणि तिने सरकवलं.

पोचपावतीचा रकाना पडद्यावर आला. तो दाखवायचा तर पावत्या हव्यात. पावत्या हव्यात तर निरोप जायला हवेत. सकाळपासून लोळत पडलेली निवांत ताडकन उठली आणि पाहुणे दारात दिसल्यावर घर आवरणाऱ्या माणसासारखी कामाला लागली! 'पाठवला', 'पाठवला', 'पोहोचला', 'पोहोचला'... रकाना वरपासून खालपर्यंत हिरवागार!

"शाब्बास!" साहेब टाळ्या वाजवत म्हणाले. "एकही चुकला नाही!"

तराजूने कॉल बंद केला, कॉम्प्युटर बंद केला, वायर उपटली, आणि तेवढ्याने भागेल का असा विचार करत वायर हातात धरून उभी राहिली. पलीकडच्या खोलीत बाबांचा फोन वाजायला लागला. आई तो रोज चार्ज करून ठेवायची. का, ते तिने सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आई इस्त्री अर्धी टाकून फोन घेऊन आली.

"अगं, विमाकाकांचा आहे. काय बोलतायत मला कळत नाही. तू घे."

विमाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि बालमित्र. विमा विकायचे, म्हणून विमाकाका. एरवी फोनवर त्यांचा आवाज मधात बुडवलेला असे.

"वहिनी, हे काय आहे? मला बोलावणं आलंय! तीनदा! 'जागा ऐसपैस आहे, तुम्हीही या'! आणि कुठे, तर 'ठिकाण सांगता येत नाही'! त्याला म्हणावं, मी इतक्यात येत नाही! माझे तीन हप्ते भरायचे राहिलेत!"

"काका, मी बोलतेय. चूक झाली. भाषांची तुलना करत होते."

"कसली तुलना? इथली आणि तिथली?"

तेवढ्यात तिच्या स्वतःच्या फोनवर धाकटा. तिचा भाऊ, लांबच्या शहरात राहणारा.

"ताई! बाबांनी माझ्या पोरीला नमस्कार केलाय! सहा वर्षांची आहे ती! 'नमस्कार. काळजी नसावी' म्हणून लिहिलंय!"

"मग?"

"मग काय! तिने हात वर करून आशीर्वाद दिला आणि खेळायला गेली. पण ताई..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "आत्यालाही गेला असेल ना गं?"

तराजू चपला शोधायला लागली.

आत्याला सांगितलंच नव्हतं! बाबा गेले त्याच आठवड्यात आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "धक्का बसेल असं काही कानावर घालू नका." म्हणून ठरलं, की बाबा हवापालटाला धाकट्याकडे गेलेत असं सांगायचं. जरा बरं वाटलं की मग सांगू. बरं वाटलं, आणखी बरं वाटलं, पण सांगायला कुणी धजेना. आत्याही कधी विचारायची नाही. विचारत नाही म्हणजे सांगायची गरज नाही, असं सगळ्यांनी सोयीने धरून चाललेलं. अख्खं घराणं निवांतमध्ये लिहिलेलं!

"एका परीने बरंच झालं की," धाकटा म्हणाला. "गेलेत असं आपण सांगितलंच होतं. आता पोहोचले असं कळलं."

"दोन महिन्यांनी? तीनदा? आणि ठिकाण तुला सांगता येत नाही? तुझं घर आहे रे ते!"

"मग आता?"

"आत्या दुपारी झोपून उठल्यावरच फोन बघते. त्याआधी तिथे पोहोचते. तू काही करू नकोस. ऐकतोयस ना? काहीही करू नकोस!"

अशी ताकीद दिल्यावर धाकट्याने आयुष्यात कधी गप्प बसल्याचं उदाहरण नव्हतं.

तराजू आणि आई गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे पोहोचल्या, तेव्हा दारातच आत्याकडे दिवसभर असणाऱ्या नर्सबाई भेटल्या. एका हाताने एप्रनचा खिसा दाबून धरलेला.

"धाकट्या साहेबांचा फोन आला होता," त्या कुजबुजल्या. "म्हणाले, चष्मा लपवा. लपवलाय. पण आजींनी चारदा मागितला हो! मी आता काय सांगू?"

आत विमाकाका आधीच हजर! कपाळावर घाम, गुडघ्यांवर बॅग. फोन ठेवल्या ठेवल्या ते तडक इकडे आले होते. आक्काला, म्हणजे आत्याला, हळुवारपणे सांगायचं, असा त्यांचा बेत. हळुवारपणे सांगण्याची त्यांना एकच पद्धत येत होती.

"तर आक्का, जीवन हे क्षणभंगुर आहे. समजा, उद्या आपण नसलो..."

खिडकीशी खुर्चीत आत्या ताठ बसली होती. ऑपरेशननंतर निम्मी झालेली, पण नजर तीच. तार ऑफिसात ती नुसती बघायची आणि माणसं आपणहून मजकुरातले जास्तीचे शब्द खोडायची.

"या," ती म्हणाली. "तुम्हीच राहिला होतात."

"आत्या, सहज आले गं," तराजू घाईघाईने म्हणाली. "तुझा फोन जरा दुरुस्तीला न्यायचाय."

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. म्हणजे, होईल. होऊ नये म्हणून!"

आत्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "मघापासून चष्मा गायब. हा ऐंशी उलटलेल्या बाईला विमा विकतोय. आणि तू न बिघडलेला फोन दुरुस्त करायला आलीस. एवढ्या लवकर मरत नाही मी. बसा."

सगळे बसले. नर्सबाईसुद्धा बसल्या, आणि त्यांच्या खिशात काहीतरी कडकन मोडलं.

"गेला वाटतं चष्मा," आत्या म्हणाली. "असू दे. वाचायला लागतो कुणाला? तूच नाही का माझ्या फोनवरची अक्षरं भोपळ्याएवढी करून दिलीस?"

"म्हणजे... तू वाचलंस?"

"अकरा वाजताच. तीनदा वाजला, म्हणून उचलून बघितला."

तराजूने रस्ताभर जुळवून आणलेली वाक्यं एकामागून एक गळून पडली. "आत्या, बाबा..." एवढं म्हणून ती थांबली. गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य तिने कुणापुढेच पुरं केलं नव्हतं. कागदपत्रं केली होती, बँकेत गेली होती, सगळीकडे लिहून दिलं होतं. पण लिहून.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

"कुणी सांगितलं?" विमाकाका ताडकन उठले. "मी नाही सांगितलं!"

"कुणी कशाला सांगायला हवं? हवापालटाला गेला म्हणालात. पहिला दिवस गेला, 'पोहोचलो' नाही. दुसरा गेला, नाही. पलीकडच्या गल्लीत केस कापायला गेला तरी कळवणारा माझा भाऊ! जिथून 'पोहोचलो' येत नाही, अशी जागा किती लांब असते, ते कळायला मला डॉक्टर लागत नाही."

हवापालटाच्या एवढ्या बारीक रचलेल्या गोष्टीत हे भोक कुणालाच दिसलं नव्हतं. तराजूलाही नाही.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. तुमची तोंडं बघवत नव्हती मला." आत्याने मांडीवरचा फोन सरळ केला. "निघाल्याचं कळलं होतं गं. पोहोचल्याचं राहिलं होतं. ते आज आलं."

आई उठली. पिशवीतून तिने बाबांचा फोन काढला, आत्याच्या फोनशेजारी टेबलावर ठेवला आणि आत्याजवळ जाऊन बसली.

"वन्सं," ती म्हणाली. आत्याने तिचा हात हातात घेतला.

तराजू चहा टाकायला आत गेली. चहा व्हायला पुष्कळ वेळ लागला. नर्सबाई मदतीला म्हणून आत गेल्या आणि पाऊलही न वाजवता परत आल्या. विमाकाकांनी बॅगेचं कुलूप उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

चहाचा ट्रे बाहेर आला तेव्हा तराजूचे डोळे सुजले होते आणि आत्याचा आवाज पहिल्यासारखा झाला होता.

"आता मला हे सांग. तीनदा का पोहोचला? एकदा पुरे असतं. आणि हे मधलं काय आहे? 'पोहोचलो रे बाळा. शहाण्यासारखं वाग. दूध संपव'! मला? त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय!"

मग तराजूने सगळं सांगितलं. मुंगी, डबी, निवांत. कोण कशी अडते, कोण कशी उलटी चालते, कोण बघितल्याशिवाय हलत नाही. आत्याने तिन्ही निरोप पुन्हा वाचले, तार तपासावी तसे.

"पहिली प्रामाणिक आहे," ती म्हणाली. "ठिकाण माहीत नाही, तर नाही म्हणते. तिसरी नीट बोलते, पण उशिरा. आणि ही मधली साफ वाया गेलेली."

"माझंही तेच मत आहे," तराजू म्हणाली. "मुंगीच."

"पण आक्का," विमाकाका चाचरत म्हणाले, "मला तिघींनीही बोलावलंय. त्याचं काय?"

"जाऊन ये की! जागा ऐसपैस आहे म्हणतोय!" आत्या म्हणाली, आणि आई दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली.

संध्याकाळी परतताना आईच्या पिशवीत बाबांचा फोन वाजला. फोन नव्हता, निरोप होता. आईने तो वाचला आणि तराजूपुढे धरला. आत्याच्या नंबरावरून, त्या मधल्या निरोपाला उत्तर म्हणून आला होता. तार ऑफिसच्या शिस्तीत, एकही शब्द जास्त नाही.

'दूध संपवलं.'

सोमवारी तराजूने अहवाल टेबलावर ठेवला. पहिला नंबर मुंगी, दुसरा निवांत, डबी शेवटून पहिली. कारणं, पुरावे, आकडे, सगळं चोख. बोट ठेवायला खरोखरच जागा नव्हती. साहेबांनी तो चाळला, बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर तक्ताच लावला.

"सरकवा उजवीकडे."

"साहेब, आता तिकडे नको—"

"सरकवा हो!"

या वेळी पाठवायची तार तिने आधीच तोडून ठेवली होती. पोचपावतीचा रकाना हिरवा होता. त्याच्या पलीकडे उत्तराचा रकाना. गोतावळ्यातल्या सगळ्यांनी फोन केले होते, लिहून आत्याशिवाय कुणीच कळवलं नव्हतं. मुंगीपुढे शून्य, निवांतपुढे शून्य. डबीपुढे एक.

"अरेच्चा!" साहेब खुर्चीतून पुढे झुकले. "मॅडम, एवढी मोठी गोष्ट तुम्ही अहवालात लिहिलीच नाहीत! डबीला उत्तर आलंय! गिऱ्हाईक उलट बोललं! बाकी दोघींना कुणी विचारलंसुद्धा नाही! काय लिहिलंय बघू... 'दूध संपवलं'. म्हणजे काय हो?"

"पोचपावती आहे साहेब," तराजू म्हणाली.

"मग ठरलं! डबी! तुम्हाला काय वाटतं?"

सगळं ऑफिस तिच्याकडे बघायला लागलं. आता ही आकडे काढणार, कारणं सांगणार, संध्याकाळ होणार.

आणि तराजूने, आयुष्यात पहिल्यांदाच, न तोलता 'हो' म्हटलं.